दुसरी सीट

सकाळी चौकात माझी गाडी बंद पडली आणि न सांगता एकजण मागून ढकलायला लागला. रात्रपाळी संपवून घरी चाललेला वॉचमन होता. डब्याची पिशवी खांद्याला, मान खाली. ढकलायला वाकल्यावर आरशात मला त्याची फक्त खाकी टोपी दिसत होती.

ही गाडी मी साठाव्या वर्षी घेतली. जुनी, बुटकी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. कुणाच्या तरी गोठ्यात कडब्याखाली पडून होती. रफिकमिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि एकेक वायर हलवून पाहिली. मग म्हणाले, "बाई, ही कधीच पूर्ण नीट होणार नाही."

"मी तरी कुठे झालेय? कामाला लागा."

तेव्हापासून कार्बोरेटर तीनदा उतरवून झाला. सोसायटीत रोज कुणीतरी ॲव्हरेज विचारतं. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, या वयात जरा भरवशाचं काहीतरी घे." भरवशाचं सगळं वापरून झालंय माझं. भरवशाची नोकरी केली, भरवशाची स्कूटर चालवली, आणि सगळं घर माझ्या भरवशावर राहिलं. आता मला रोज सकाळी किल्ली फिरवताना थोडी धाकधूक हवी आहे.

शेजारच्या काकांनी काल विचारलं होतं, "एकट्याच तर राहता. दुसरी सीट कुणासाठी?"

इंजिन धडधडून चालू झालं. मी पलीकडचं दार उघडलं आणि वॉचमनला म्हटलं, "डबा मांडीवर घ्या आणि बसा. घरी सोडते."