पेठकर सरांची सळई

माझ्याबरोबर शिकलेल्या सचिनचा फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होते. दोनदा कापला तरी वाजतच राहिला, म्हणून चिडून बाहेर आले आणि खेकसले, "काय रे, मरतोस का काय?" तो म्हणाला, "विद्या, आपले पेठकर सर गेले. सकाळी झटका आला. दवाखान्यापस्तोर बी न्हाई पोचले." माझ्या जिभेला हाड नाही, असं सर नेहमी म्हणायचे. त्या दिवशी ती जीभ उपटून टाकावीशी वाटली. वर्गात परत गेले, फळ्यावरचं अर्धवट समीकरण पुसलं आणि पोरांना सोडून दिलं.

ज्या कॉलेजात सरांनी आम्हाला शिकवलं, तिथंच मी आता शिकवते, आणि तेही सरांसारखंच, तासिका तत्त्वावर. म्हणजे उन्हाळ्यात घरी बसायचं आणि दर जूनला संस्थेच्या दारात नव्या ऑर्डरची वाट बघत उभं राहायचं. सरांचे केस त्या दारातच पांढरे झाले. पुण्याच्या एका कारखान्यानं त्यांना बोलावलं होतं, तेव्हा आमच्या अध्यक्षांनी निरोप धाडला, 'थांबा, पुढच्या वर्षी कायम करतो.' सर थांबले. मग दर वर्षी तोच निरोप. एकदा मला म्हणाले, "डालग्याखालच्या कोंबडीवाणी झालंय बघ माझं. फटीतून सगळं अंगण दिसतंय, पण निघता येत न्हाई."

आमच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायचा होता. मी तलवाड्याची, सचिन धर्मापुरीकडच्या मेंढपाळाचा पोरगा. आम्हाला मोठं काहीतरी हवं होतं, रोबो वगैरे. सर म्हणाले, "शेणाचा वास येत नसंल तर तुमी बीड जिल्ह्यातले न्हाईच." त्यांनी आम्हाला कंपोस्ट खताच्या खड्ड्यात उतरवलं. वरून खत ओलं दिसतं आणि आत भुकटी झालेली असते; तसं कोरडं पडलं की ते कुजायचंच थांबतं. मुठीत दाबून बघायचं, थेंब गळाला तर पाणी जास्त, ढेकूळ फुटलं तर कमी, ही जुनी रीत. पण मूठ खड्ड्याच्या पोटात कशी घालणार? म्हणून आम्ही लाकडी मुठीची एक लांब सळई केली. टोकाला पोलादी काटे, मुठीवर दिवा. आत कोरडं असलं की लाल, ओल पुरेशी असली की हिरवा. शेणामुताच्या क्षारांमुळं पहिल्या काट्यांनी आम्हाला लई फसवलं, खडखडीत कोरड्यालाही ते ओलं म्हणायचे. सर रोज नवं खत आणून, मुठीत दाबून दिव्याशी ताडून बघायचे. दिवा आणि मूठ एकच बोलायला लागली त्या दिवशी त्यांनी आम्हाला स्वतःच्या हातानं भजी तळून खाऊ घातली. कच्ची होती, पण आम्ही फडशा पाडला.

अध्यक्षांनी ते ऐकलं आणि म्हणाले, आमच्याच मळ्यावर दाखवा. जमलं तर सरांचं काम याच जूनला करून टाकू. आम्ही सकाळीच सळई खड्ड्यात रोवली. वरून खत ओलं, पण आत कोरडं असल्याचं तिनं बरोबर ओळखलं. दिवा लाल. सरांचा चेहरा असा फुललेला मी आधी कधी पाहिला नव्हता. मग गाड्या आल्या, हार आले. आमच्याकडं नवं यंत्र म्हटलं की पूजा आलीच. अध्यक्षांनी सळईला हळदी-कुंकू वाहिलं, दगडावर नारळ फोडला आणि "यंत्राला बी पाजा की!" म्हणत सगळं पाणी सळईच्या बुडाशी ओतलं. ते थेट काट्यांपर्यंत मुरलं. दिवा हिरवा झाला! टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी लगेच गड्याला खड्डा उकरायला लावला, आणि आत नुसती भुकटी. "काय सर, तुमचं यंत्र तर नारळपाणी पिऊन झिंगलं!" सगळा मळा खो खो हसला.

सरांनी भुकटी मुठीत घेऊन दाबली. ती बोटांमधून सांडली. सळई हातभर बाजूला रोवली असती तरी दिवा पुन्हा लाल झाला असता. मी तोंड उघडलंच होतं, तोच सर म्हणाले, "विद्या, गप." मग अध्यक्षांकडं वळून म्हणाले, "आमचंच चुकलं, साहेब."

परतताना मी जीपमध्ये भांडले. "सर, कावून गप बसलात? यंत्र खरं होतं आपलं!" ते बाहेर बघत म्हणाले, "त्यांनी सोताच्या हातानं फोडलता नारळ. चार लोकांत त्यांचा नारळ चुकला म्हणू व्हय?... जूनमध्ये ऑर्डर हाय गं."

त्या जूनला कायम दुसराच कुणी झाला. सरांना नेहमीची तासिकेची ऑर्डर मिळाली, तीही त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. राग यायचा मला त्यांचा. आता त्याच दारात उभी राहते, तेव्हा त्यांचे ते दोन हात समजतात.

परवा शोकसभा झाली. अध्यक्ष बोलले, "माणूस लाखमोलाचा. यंत्र तेवढं फसलं बिचाऱ्याचं." आणि तो नारळाचा किस्सा रंगवून सांगितला. शोकसभेत लोक हसले हो! मी तिसऱ्या रांगेत होते. उठून खरं सांगायचं होतं, पण जून तोंडावर होता. एवढी तोंडाळ मी, आणि खुर्चीला चिकटून बसले.

तिथून सरळ सरांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला आणि भाजीची देठं घेऊन परसात गेल्या. तिथं खताचं पिंप होतं, आणि त्यात ती सळई. लाकडी मूठ हातानं काळी पडलेली, दिवा लाल. काकूंनी देठं टाकली, तांब्याभर पाणी ओतलं, काडीनं ढवळलं. हळूहळू दिवा हिरवा झाला. "रोज असंच करायचे. हे गेल्यापास्नं मीच बघते," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत एकदा बी चुकलं न्हाई बघ हे."

अध्यक्ष वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, मला ठाऊक आहे. माझी ऑर्डर अजून निघायची आहे. तरी लिहिते. त्या दिवशी मळ्यावर यंत्र फसलं नव्हतं. नारळाचं पाणी होतं ते, साहेब.