पंढरीनाथांची फियाट आणि मुशीचे तेल

पंढरीनाथ सावर्डेकरांच्या हाताखालून ड्रायव्हरकीच्या पस्तीस वर्षांत कितीतरी गाड्या गेल्या. त्यांतली सर्वोत्तम कोणती, असे कोणी विचारले की ते जिचे नाव घेत, सर्वांत वाईट म्हणूनही तिचेच घेत. राखी रंगाची, सुकाणूच्या दांड्यालाच गिअर असलेली ती फियाट वालकेश्वरच्या शेठजींकडे नवी आली, तेव्हा तिची पहिली किल्ली पंढरीनाथांनीच फिरवली होती. पुढे चौदा वर्षांत तिने त्यांना एकदाही रस्त्यात उभे केले नाही. १९८९ साली शेठजींनी पेढी आवरली आणि "पंढरी, ही तुझ्याशिवाय कोणाचं ऐकायची नाही," असे म्हणून गाडी त्यांच्या नावावर करून दिली.

त्याच वर्षी पंढरीनाथ गिरगावची खोली सोडून भाईंदर पूर्वेला, नवघरात राहायला आले. परवाना काढून त्यांनी ती गाडी प्रवासी भाड्यांसाठी चालवायला घेतली. यापुढे दुसऱ्याच्या गाडीवर चाकरी करायची नाही, हा संकल्प त्यांनी त्या दिवशी मनाशी केला. तो त्यांनी कोणाला बोलून दाखवला नाही. पण पत्नी सुलूताईंना तो न सांगता कळला होता.

गाडीची सेवा त्यांनी देवपूजेच्या निष्ठेने केली. पहाटे स्वतःचे स्नान झाले की गाडीचे स्नान. गिरगावात नळाखाली चालत आलेला हा नेम नवघरात मोडणे त्यांना अशक्य होते. येथे नळाला एक दिवसाआड पाणी येई आणि ते पिण्यासाठी राखून ठेवावे लागे. म्हणून मिठागरांच्या बाजूच्या जुन्या विहिरीवरून ते रोज चार बादल्या आणीत. आतले पायपुसणे उचलून तळाचा पत्राही घासून धूत, पुढच्या काचेखाली उदबत्ती लावीत आणि मगच निघत. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, अशी सुलूताईंची तक्रार होती. पंढरीनाथांच्या लेखी तो स्वयंपाकघरातला प्रश्न होता.

तिसऱ्या वर्षापासून गाडीला उतरती कळा लागली. दारे बिजागऱ्यांवरून खाली लोंबू लागली. एकदा घोडबंदर रस्त्यावर, मागे बाशिंग बांधलेला नवरदेव बसलेला असताना, सायलेन्सर गळून पडला. १९९३ साली वार्षिक पासिंगसाठी ठाण्याच्या आरटीओत नेली, तेव्हा तपासणी अधिकारी आत बसले आणि त्यांच्या बुटाची टाच पत्र्यातून आरपार गेली.

"बाहेरून देव्हारा आणि आतून चाळण आहे हो ही," ते शांतपणे म्हणाले. "एकवीस दिवस देतो. नाही जमलं तर रस्त्यावर आणू नका."

केबिन रोडच्या मागे गुणवंतभाईचे गॅरेज होते. त्याने गाडीखाली डोके घालून लगेच बाहेर काढले. "काका, छोडो ना आता. भंगारमध्ये देऊन टाका. माझ्या साडूला व्हॅनवर ड्रायव्हर पाहिजे, बोलू काय?"

"पत्रा कापायची कात्री देतोस का, तेवढं सांग."

"तुम्ही स्वतः करणार?"

"मीच."

दुसऱ्या दिवशी सवयीने ते बादली घेऊन विहिरीवर गेले. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातील गोदूबाई मासळीची पाटी उतरवून तेथे पाय धूत होती. ती खो खो हसू लागली.

"दादा, चार वर्सं बघतेय मी. रोज उठून गारीवर खारं पानी! लोखंड हाय तं, मासा न्हाय मिठात घालून ठेवाला!"

पंढरीनाथांनी बादली होती तेथेच ठेवली. हजाराहून अधिक पहाटे, हात जोडून, त्यांनी स्वतःच आपल्या गाडीला मीठ चारले होते. रागवायला दुसरे कोणीही नव्हते. त्यांनी विचारले, "मग गोदूबाई, तुमच्या होड्या जन्मभर खाऱ्या पाण्यात असतात. त्या कशा टिकतात?"

"मुशीचं तेल लावताव. येकदा गारीला लावा, मंग बघा." मुशी म्हणजे शार्क. तिच्या यकृताचे हे तेल लाकडाइतकेच लोखंडालाही खाऱ्यापासून राखते, हे कोळीवाड्यात पोराटोरांनाही ठाऊक होते.

सावर्डेकरांच्या घरात कधी अंडे आले नव्हते. तेलाचा डबा दारात येताच सुलूताईंनी पदर नाकाला लावला. "आमटीत कांदा घातला तर चातुर्मास मोडतो तुमचा. आणि हे?"

"हे गाडी पिणार आहे, मी नाही," पंढरीनाथ म्हणाले आणि डबा घेऊन जिना उतरले.

सतरा दिवस ते गाडीखाली उताणे पडून होते. कुजका पत्रा कापायचा, नवा बेतायचा, हातोडीने वळवायचा. कोपरे सोलली, पाठ धरली. आठव्या दिवशी गुणवंतभाई वेल्डिंगची टाकी ढकलत घेऊन आला आणि शेजारी आडवा झाला. मग दोघांनी मिळून तेलाचे तीन हात दिले. तेल केसांत ठिबके. इमारतीच्या त्या बाजूच्या खिडक्या बंद झाल्या. गच्चीवरून कोणीतरी ओरडले, "सावर्डेकर, बाजार भरवलाय काय?" पंढरीनाथांनी तेलाची चिंधी पुन्हा डब्यात बुडवली.

एकविसाव्या दिवशी ते ठाण्याला पोचले. अधिकाऱ्यांनी दार उघडले आणि एक पाऊल मागे घेतले. "वास कसला हा?"

"तेलाचा, साहेब."

"कसलं तेल?"

"मुशीचं."

साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि वाकून पेचकसाने तळ चार ठिकाणी खरवडला. मग हातोडीने ठोकून पाहिला. पत्रा खणखणीत वाजला. आत बसून त्यांनी टाच जोराने आपटली, मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि उतरून कागदावर सही केली.

"वर्षभर चालवा. पण हिच्यात बसेल कोण?"

"बसतील, साहेब."

फाटकाबाहेर भाईंदरला जाणारे एक जोडपे उभे होते. बाई आत बसताच थबकल्या. "अहो, मासे नेत होतात काय गाडीतून?"

"नाही बाई," पंढरीनाथ म्हणाले. त्यांनी चारही काचा खाली केल्या आणि गाडी घोडबंदरच्या दिशेने वळवली.