अतुलचं इंजिन

"लोखंडाला आधी हात लावायचा, मग नंबर वाचायचा," असं माधव एकदा म्हणाला होता.

माधव जन्मला, वाढला ब्रिटनमधल्या कार्डिफला; आई तिथल्या हॉस्पिटलात नर्स. मिल्टन कीन्सला आठवडाभर तो कॉम्प्युटरपुढे बसे आणि शनिवारी लोकांच्या गॅरेजांत शिरून जुन्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं ओळखून देई. गाडीवाला सांगे एक, ब्लॉकवर ओतलेला नंबर सांगे दुसरंच.

२००६च्या नोव्हेंबरात सुचेतानं त्याला बोलावलं. वर्षापूर्वी गेलेल्या तिच्या नवऱ्याचा, अतुलचा, एकच ध्यास होता: गॅरेजातल्या त्याच्या जुन्या अमेरिकन इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा, बसवायचा. इंजिन तो दाब सोसेल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

स्टँडवर नुसता ब्लॉक होता, इंजिनाचा लोखंडी सांगाडा; पिस्टन नाहीत, क्रँक नाही. माधवनं हात लावला आणि झटकन काढला. बोटांकडे पाहिलं. मग वाकून टॉर्च मारला, मागची काजळी खरवडून नंबर वाचला, छोट्या हातोडीनं एकेक सिलिंडर वाजवून ऐकला.

"वहिनी, नंबर बरोबर आहे. जाड भिंतीचा ब्लॉक. टर्बो सोसेल. पिस्टन फोर्ज्ड, ठोकून घडवलेले घालू, कॉम्प्रेशन थोडं उतरवू."

"म्हणजे अतुल खरं बोलायचा."

"या एका बाबतीत तरी." ती हसली. तो हसला नाही. "इथे हीटर आहे?"

"कुठला रे? पाणी गोठतं इथे."

"मग हे गरम कसं?"

सुचेता दचकली नाही. "रोज असतं. गेल्या वर्षी खंडेनवमीला त्यानं याची पूजा मांडली. झेंडू मिळेना, तर सुपरमार्केटातली शेवंती वाहिली. सकाळी उत्तरपूजा करून हलवायचं, तर पहाटे तोच गेला. अक्षता टाकायच्या राहिल्या. आधी विसरले होते. नंतर मुद्दाम टाकल्या नाहीत; टाकल्या की पूजेत आलेलं निघून जातं ना."

"मशीन शॉपला न्यायला ब्लॉक उचलावा लागेल."

"ठाऊक आहे."

तिनं घरातून मूठभर तांदूळ आणले. माधवनं उचलायची साखळी ब्लॉकला अडकवली, ताणली. "टाका, वहिनी."

तिची मूठ उघडेना. सिलिंडरांच्या त्या आठ रिकाम्या विवरांत कुणी श्वास धरून बसल्यासारखी शांतता होती. माधवलाही ती ऐकू आली असावी. त्याचा हात साखळीवर थांबला.

"टर्बो नको," ती म्हणाली. "राहू दे त्याला."

आवाज होऊ नये म्हणून माधवनं साखळी कडी कडी करत सोडवली, ब्लॉकवर चादर ओढली आणि बाहेर पडला.