लाहूने बांधलेली चौदा घरं

१ फेब्रुवारी २०१९, शुक्रवार. लाहू वरठाच्या हातात द्यायचं बिल ४,७३० रुपयांचं झालं होतं. बारा गोणी सिमेंट, दोन घमेली, एक चाळण आणि दोरीचा एक गुंडा. माल एका वाडीवाल्याच्या कुंपणाच्या भिंतीसाठी होता आणि पैसे त्याने आधीच पाठवले होते. दुपारचे दोन वाजून गेले होते. दुकानाची बिलं आणि हिशेब मी बघतो. शिक्का मारायला हात उचलला आणि जमिनीखाली सुरुंग उडाल्यासारखा आवाज झाला.

तलासरीत नोव्हेंबरपासून धक्के बसत होते. भांडी वाजायची, पंखा हलायचा, आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि पुन्हा कामाला लागायचो. हा धक्का तसा नव्हता. मांडणीवरचे रंगाचे डबे खाली आले, काउंटर सरकून माझ्या पोटात घुसलं. मी दुकानाबाहेर कसा आलो ते मला आठवत नाही. चष्मा आतच राहिला होता.

सगळी बाजारपेठ रस्त्यावर उभी होती. लाहू मात्र टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसला होता. मी या गवंड्याला दहा वर्षं ओळखत होतो. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर तो अंगणात फिरल्यासारखा फिरायचा.

"मेहताजी, गाडी हाय ना तुमची? मला पाड्यावर सोडा. आत्ताच्या आत्ता."

"अरे, तुझी बायको शेतावर असेल या वेळी. काही नाही होत तिला."

"भिकीचं नाय. बारकीच्या घराचं म्हणतोय मी."

पाडा सात किलोमीटरवर. तेवढ्या वाटेत स्कूटरवर मागे बसून, वाऱ्यात ओरडून त्याने मला जे सांगितलं ते असं.

२०१६ आणि १७ मध्ये त्याने त्या पाड्यावर सरकारी योजनेची चौदा विटांची घरं बांधली होती. ठेकेदार बाहेरचा होता. दारं-खिडक्यांच्या वरच्या उंचीला चारही भिंतींवरून सळई घातलेली काँक्रीटची पट्टी फिरवायची असते. तीच चार भिंतींना एकत्र बांधून ठेवते. ठेकेदाराने सांगितलं, पट्टी फक्त दारावर आणि खिडकीवर घाल, बाकी ठिकाणी वीट लाव आणि वरून गिलावा कर. बाहेरून कुणाला कळत नाही. या कामाचे लाहूला घरामागे हजार रुपये वेगळे मिळाले. तेव्हा तो ताडीत होता. पुढे ताडी सुटली आणि भिकीबरोबर तो प्रार्थनेला जाऊ लागला. पाड्यावर ख्रिस्ती झालेली पाच घरं आहेत. रविवारी ती लाहूच्या ओट्यावर जमतात आणि देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष एकेक जण उभा राहून देतो.

"दर रविवारी उभा राहतो, मेहताजी. ताडी कशी सुटली ते सांगतो. लोक रडतात. भिंतीचं कधी नाय बोललो."

त्या घरांची सळई आमच्याच दुकानातून गेली होती. चौदा घरांना ती पुरणार नाही हे बिलांवर स्पष्ट दिसत होतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

खरी भीती त्यापुढे होती. पाड्यावरच्या जुन्या घरांना भिंती म्हणून कारवीच्या काठ्यांचे कूड, वरून शेणामातीचा लेप. कूड धक्क्याने हलतो आणि अंगावर आलाच तर माणूस माती झटकून उठतो. पण लोकांचा हिशेब उलटा होता. कूड हलतो म्हणजे कच्चा, वीट हलत नाही म्हणजे पक्की. म्हणून नोव्हेंबरपासून धक्का बसला की सगळ्या पाड्याची पोरं आणि म्हातारी माणसं त्या चौदांपैकी बारकीच्या घरात नेऊन बसवायची, कारण तिचं घर मधोमध होतं. तिने लाहूला एकदा विचारलंही होतं, "दादा, टिकेल ना?" लाहू म्हणाला होता, "काय नाय होत." तीन महिने तो हे रोज बघत होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? आधीच बोलतात, या पाच घरांनी देव सोडले म्हणून जमीन कोपली. मी बोललो की म्हणतील, बघा, यानेच भिंती पोकळ केल्या. माझं एक ठीक हाय. बाकीच्या चार घरांनी कुठं जायचं?"

आम्ही पोचलो तेव्हा सगळा पाडा खळ्यावर जमला होता. कुणाला लागलं नव्हतं. लाहूने दोन्ही हात डोक्यावर ठेवून देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात बारकी दारातून हाका मारताना दिसली. ती पस्तिशीची, नवरा गुजरातेत बोटीवर. "आणा सगळ्यांना आत! म्हातारीला उचला! उन्हात काय बसलाय?" सात-आठ पोरं आत गेलेली होती, तिच्या सासूलाही दोघांनी उचलून आत नेलं. दाराच्या कोपऱ्यातून वर छपरापर्यंत एक भेग गेली होती. मला ती चष्म्याशिवायही दिसली.

लाहू जागचा हलेना. ओठ हलत होते. भिकी त्याच्याजवळ आली. तिला सगळं माहीत असावं, कारण तिने काही विचारलं नाही.

"काय पुटपुटतोस? देवाला माहीत हाय. त्याला नको सांगू, बारकीला सांग."

"मारतील गं."

"मारतील. मी हाय ना इथं."

तो गेला. दारासमोर उभा राहिला आणि एवढ्या बारीक आवाजात बोलला की बारकीला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. मग ती हसली. "दादा, घाबरलास काय तू? तूच तर बांधलंस."

"म्हणून तर सांगतोय, वहिनी. पोरं बाहेर काढ. भिंतीत सळई नाय."

कुणी ऐकेना. एक म्हातारा म्हणाला, "याला हाणून बसवा खाली, डोकं फिरलंय." लाहूने कुणाची तरी कुऱ्हाड घेतली आणि तिच्या मागच्या बाजूने दाराशेजारच्या गिलाव्यावर घाव घातला. दुसऱ्या घावाला पापुद्रा सुटला. आत पट्टीच्या जागी विटा होत्या, आणि विटांमधल्या चुन्यासारख्या भुसभुशीत सिमेंटमध्ये बोट घातलं तर बोट जात होतं. लाहूने बोट घालून दाखवलं. मग म्हणाला, "चौदाही घरं अशीच. मी हजार रुपये घेतले घरामागं."

बारकीचा दीर रघ्या पुढे आला. त्याने पहिला फटका कानाखाली मारला. लाहू भिंतीवर आपटला आणि तिथेच उभा राहिला. दुसरा फटका तोंडावर बसला. "माझ्या आईला तीन महिने या भिंतीखाली बसवलंस? आणि ओट्यावर टाळ्या वाजवून गाणी म्हणतोस?" लाहूने हात वर केले नाहीत. त्याला पळायचं होतं, ते त्याच्या पायांकडे बघून कळत होतं. एक टाच सारखी उचलली जात होती. पण तो दार सोडून हलला नाही. "मला नंतर मार, रघू. आधी पोरं काढ," एवढंच तो म्हणत होता. ओठातून रक्त येत होतं म्हणून शब्द नीट येत नव्हते.

मी मधे पडायला हवं होतं, पण मी स्कूटरचं हँडल धरून उभा होतो. भिकी मधे पडली नाही. ती सरळ आत शिरली आणि एकेका पोराला दंडाला धरून बाहेर टाकू लागली. ते बघून बारकी धावली. मग रघ्याही आईसाठी आत गेला.

म्हातारी बाहेर आली आणि पुन्हा धक्का बसला. लहान होता. छपरावरची दोन कौलं सुटली, दाराच्या भेगेतून धूळ पडली. भिंत उभीच राहिली.

त्या दिवसापासून पाडा ताडपत्रीखाली आणि कुडाच्या घरांत राहू लागला. पाच घरांना कुणी हाकललं नाही. मात्र तीन आठवडे विहिरीवर भिकीशी कुणी बोललं नाही. नंतर बारकीच बोलली, कशावरून तरी भांडत.

पाहणीला आलेल्या एका इंजिनियरने लाहूला उपाय सांगितला. भिंतीला आतून-बाहेरून तारेची जाळी ठोकून तिच्यावर सिमेंटचा पट्टा चारही बाजूंनी फिरवायचा. लाहूने बारकीच्या घरापासून सुरुवात केली. ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशी, मजुरी न घेता. जाळीला पैसे कमी पडले तेव्हा त्या पाच घरांनी वर्गणी काढली. रघ्या बाजूला बसून बघायचा आणि म्हणायचा, "काय पाद्री, आज कोणतं पाप फोडतोस?" एकदा मात्र शिडी घसरली तेव्हा त्यानेच धरली, आणि शिव्या देत धरून ठेवली.

काम नसलेले दिवस पुष्कळ होते. ठेकेदाराने कुठल्याच साइटवर त्याला उभं राहू दिलं नाही. त्याचा मुकादम दोनदा लाहूच्या घरी येऊन दम देऊन गेला. "पडली का रे एक तरी भिंत?" तो विचारायचा. भिंती पडल्या नव्हत्या हे खरं होतं. जुलैतल्या धक्क्यांतही चौदापैकी एकही भिंत पडली नाही. लाहू त्याला म्हणाला, "पडली नाय, देवाची दया." मुकादम गेल्यावर अर्धा तास तो माजघरात बसून होता, असं भिकीने सांगितलं.

लाहूची भीती गेलेली नाही. दुकानासमोरून अवजड ट्रक गेला तर अजूनही बिल अर्धवट टाकून तो रस्त्यावर जातो. मीही जातो. आम्ही तिथे मिनिटभर उभे राहतो आणि परत येतो. रविवारच्या साक्षीत आता तो ताडीचं सांगत नाही. राहिलेल्या घरांची नावं घेतो आणि ती पूर्ण होईपर्यंत धक्के थांबव, अशी प्रार्थना करतो.

डिसेंबर २०१९ अखेर नऊ घरं झाली, पाच राहिली. नवव्या घराच्या जाळीसाठी नेलेल्या खिळ्यांचे एकशे चाळीस रुपये लाहूकडून अजून येणे आहेत.