बाबांनी ठेवून दिलेल्या स्की

टेबलक्लॉथवर सांडलेलं मेण काढायला काल त्यावर वर्तमानपत्र ठेवून गरम इस्त्री फिरवली, आणि त्या वासासरशी मी तुलसी नगरच्या या घरातून थेट मनालीच्या वरच्या एका लाकडी खोलीत पोचले. तिथे सामान भाड्याने देणारा माणूस असाच इस्त्रीने स्कीच्या तळाला मेण लावत होता.

मी तेव्हा कॉलेजात होते, बर्फ पहिल्यांदाच बघत होते. बाबा तरुणपणी स्की शिकलेले. त्यांनी एक जोडी उचलली, तळावरून अंगठा फिरवला. "साहब, उतरने में मज़ा आएगा," तो माणूस म्हणाला. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि जोडी परत भिंतीला टेकवली.

"नहीं भैया, दोनों को स्नोशूज़ ही दे दो."

बुटांखाली बांधायच्या त्या रुंद जाळ्या बघून माझा चेहराच पडला. एवढ्या लांब येऊन बदकासारखं चालायचं?

भुसभुशीत बर्फ तुडवत बाबा वाट करत होते आणि मी त्यांच्या ठशांत आयते पाय टाकत होते. समोरच्या उतारावरून स्कीवाले सुर्रकन गेले, तेव्हा बाबा थांबून बघत राहिले. मला वाटलं, दमले. थोड्या वेळाने ते बाजूला झाले. "आता तू हो पुढे." दहा पावलांतच माझ्या मांड्या भरून आल्या.

आज संध्याकाळी जवाहर चौकातून परतताना फूटपाथ उखडलेला होता. काठी टेकत बाबा बाजूला झाले. "तू हो पुढे."

मी पुढे झाले, आणि पावलं मुद्दाम लहान टाकत राहिले.