नरखेडची संत्री आणि ढाक्याचे साहेब

कोल्हापूरहून नागपूरला निघायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा पार करायचा. निघताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, "एवढं लांब काय काम काढलंत?" मी ऐटीत म्हटलं, "आंतरराष्ट्रीय सहकार्य." त्या म्हणाल्या, "म्हणजे पतसंस्थेचंच ना काहीतरी?" आमच्या जिल्ह्यात सहकार म्हटलं की दूध, ऊस नाहीतर पतसंस्था. मी वाद घातला नाही.

बँकेच्या नोकरीत माझी सोळा वर्षं कोलकात्यात गेली. तिथून आणलेली एकच गोष्ट अजून कमावते, ती म्हणजे बंगाली भाषा. निवृत्त झाल्यापासून मी दुभाष्याचं काम करते. या वेळी बांगलादेशच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे एक अधिकारी, रफिकसाहेब, जबाब नोंदवायला नागपूरला येणार होते. साक्षीदारांना मराठीशिवाय काही येत नव्हतं आणि जबाब घेताना तिसरं माणूस मध्ये असावं असा नियम, म्हणून मी.

नागपूरला उतरले तर नोव्हेंबरची छान थंडी. स्टेशनबाहेर पोह्याची गाडी दिसली. इथे पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) ओततात. गाडीवाल्याने विचारलं, "तर्री कम टाकू का जादा?"

"आम्ही कोल्हापूरचे आहोत," मी म्हटलं.

"मंग कमच टाकतो," तो म्हणाला.

त्या कमी तर्रीनेसुद्धा माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, हे मी कोल्हापुरात कुणाला सांगणार नाही.

रफिकसाहेब पन्नाशीचे, बुटके, फार सभ्य गृहस्थ. त्यांच्यासोबत नागपूरच्या खात्याचे काळमेघसाहेब होते. जीपमध्ये बसल्यावर काळमेघांनी मला प्रकरण समजावलं. मागच्या फेब्रुवारीत नरखेडहून संत्र्यांचा ट्रक बांगलादेशाला गेला. सीमेपलीकडच्या गोदामात दोन दिवस माल पडून होता. तिसऱ्या दिवशी तपासणीत नऊ क्रेटांमध्ये संत्र्यांखाली खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सापडल्या. तिकडे ते नशेसाठी चोरून विकतात. ट्रकचं सील नरखेडला लागलं आणि त्या गोदामातच तुटलं. म्हणजे बाटल्या एक तर नरखेडला भरल्या, नाहीतर गोदामात. नरखेडला भरल्या असतील तर माल ताब्यात घेणारा ड्रायव्हर संजय गुन्हेगार ठरतो. गोदामात भरल्या असतील तर तो सुटतो. नऊ महिने झाले, तो अजून तिकडच्या तुरुंगातच होता.

"तुम्ही फक्त भाषांतर करायचं, बाई. पदरचा एक शब्द नाही," काळमेघ म्हणाले. मला या सूचनेचा थोडा रागच आला. सोळा वर्षं बँकेत काढलेल्या बाईला नियम शिकवायचे नसतात.

काटोलच्या पुढे जीप पंक्चर झाली. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, फळांनी फांद्या जमिनीला टेकलेल्या. टायर बदलेपर्यंत रफिकसाहेबांनी रस्त्याकडेच्या बाईकडून संत्री घेतली आणि उभ्याउभ्या सात खाल्ली. "ढाक्याला पोचेपर्यंत ही म्हातारी होतात," ते म्हणाले. मी भाषांतर केलं तर बाईने आठवं फुकट दिलं.

नरखेडच्या बाहेर पत्र्याचं मोठं शेड होतं. आत वीसेक बाया ओळीने बसून क्रेट भरत होत्या. आधी ओळख द्यायची नाही, असं साहेबांचं ठरलं होतं; ओळख दिली की लोक घाबरून वाट्टेल ते बोलतात. मुकादम वामनराव लगबगीने पुढे आले. रफिकसाहेबांनी मोबाईलवर त्या नऊ रिकाम्या केलेल्या क्रेटांचे फोटो दाखवले. बाटल्या त्यांत नव्हत्या, नुसते क्रेट आणि बाजूला काढलेली संत्री. त्यांनी विचारलं, "हा माल याच शेडमध्ये असा भरला गेला का?"

वामनरावांनी फोटोकडे धड पाहिलंसुद्धा नाही. "आमचाच हाय जी. जसा हाय तसा आमीच भरला. खराब निघाला असंल त बदलून देऊ, नाव खराब नाही होऊ द्याचं."

माझ्या लक्षात आलं. व्यापाऱ्याने माल दाखवला की आपला म्हणायचा, 'आमचा नाही' म्हणून हात झटकायचे नाहीत, ही या शेडची रीत. परदेशी पाहुणा पाहून ते तक्रारीचं बोलणं समजले होते. आणि त्या भल्या माणसाच्या एका वाक्याने संजयच्या गळ्यात फास पडत होता. पदरचा एक शब्द नाही. मी बंगालीत सांगितलं, "आमचाच आहे. जसा आहे तसा आम्हीच भरला. खराब निघाला असेल तर बदलून देऊ, नाव खराब होऊ देणार नाही." रफिकसाहेबांनी लिहून घेतलं. एवढं नेमकं भाषांतर मी आयुष्यात केलं नसेल आणि एवढी लाजही कधी वाटली नसेल.

तेवढ्यात ओळीतून एक बाई उठली. हात पदराला पुसत थेट रफिकसाहेबांसमोर आली. "तुमी बांगलादेशातले का जी? माह्या नवऱ्याले पाह्यलं काय तिकडं?"

ती संजयची बायको कुंदा. आता ओळख लपवण्यात अर्थ नव्हता. काळमेघांनी सगळं सांगितलं, तसे वामनराव मटकन पोत्यावर बसले. कुंदाने मोबाईल मागून घेतला आणि फोटो बोटांनी मोठा केला.

"हे आमचं नोहे," ती म्हणाली. "यात पान कुठं हाय?"

"कसलं पान?" काळमेघांनी विचारलं.

"काहून, तळाचं. क्रेट भराले घेतला का पयले कोपऱ्यात पानासकट एक संत्रं ठेवतो आमी. पोकळ तळ ठेवू नाही म्हणते सासू. वाळलं तरी पान जात नाही."

रफिकसाहेब म्हणाले, "सवय म्हणजे पुरावा नव्हे." मी तेही जसंच्या तसं सांगितलं. मग ते पुढे झाले, कोट काढला आणि हाताला येईल तो भरलेला क्रेट उलटा करायला लागले. वामनरावांनी एकदाही माल वाया जातो म्हटलं नाही, उलट स्वतः क्रेट ओढून देत होते. प्रत्येकाच्या तळातून एक पान असलेलं संत्रं निघालं. मग ट्रकमधल्या बाकी क्रेटांचे फोटो, तेही तपासणीत तळापर्यंत उपसलेले. तासभर ते एकेक फोटो मोठा करून पाहत होते. सगळ्यांच्या तळाशी वाळकं पान होतं; नव्हतं ते त्या नऊंमध्ये. ते नऊ क्रेट पूर्ण रिकामे करून पुन्हा भरले होते, आणि भरणाऱ्याला तळाच्या संत्र्याचा पत्ता नव्हता.

रफिकसाहेबांनी आधीचा जबाब खोडला नाही. त्याखाली दुसरा लिहिला, सव्वादोन पानांचा. वामनरावांनी आणि कुंदाने सह्या केल्या.

दुपारी कुंदाच्या घरी गोळाभात (डाळीचे गोळे घातलेला भात) जेवलो. वर हिंगाचं कडकडीत तेल. रफिकसाहेबांनी तिसऱ्यांदा घेतला. कुंदाने एकच प्रश्न विचारला, "तिकडं जेवाले काय देतात त्याले?"

"मासे," रफिकसाहेब म्हणाले. "पण तो खात नाही. पहारेकऱ्यांकडून दाल मागून घेतो."

ती म्हणाली, "मागाची लय लाज होती त्याले." आणि आत निघून गेली.

परतीच्या गाडीत मी या चौकशीच्या परवानगीचं सरकारी पत्र पुन्हा वाचलं. दोन देश, तीन खाती, चौदा सह्या. त्याला मी नावं ठेवत नाही. ते पत्र नसतं तर ढाक्याचा माणूस नरखेडच्या शेडमध्ये आलाच नसता. पण तो येऊनही कुंदाला कुणी काही विचारलं नव्हतं, ती आपणहून उठली. जेमतेम चाळीस पावलांवर बसली होती ती.

जानेवारीत एका सकाळी मी भाजी चिरत असताना कुंदाचा फोन आला. "बाई, थांबा, यायच्याशी बोला." मग पुरुषाचा आवाज, बंगालीत, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. "दीदी, आमि बाडी एशेछि." (ताई, मी घरी आलो.) तुरुंगात संजय एवढी बंगाली शिकला होता. 

मागून कुंदाचा आवाज आला, "काय सांगून राहिले तुमी त्यायले?"

"घरी आलो म्हणून सांगून राहिलो."

"ते त मले दिसून राहिलं," कुंदा म्हणाली.