अठ्ठेचाळीस किलोतली दुसरी

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या ज्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे ती पहिल्यांदा आली उजवा कोपर दाखवायला. कोरियन, पस्तिशीची, जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी. माझी मुलगी ज्या क्लबमध्ये ज्युडो शिकते, तिथली ती नवी कोच. कोपर पूर्ण सरळ होत नव्हता. मी तो दाबत दाबत होता होईल तेवढा नेला, तरी तिचा चेहरा हलला नाही. दुखतंय का विचारलं, तर म्हणाली, "असेल."

आठवड्यातून दोनदा ती येत राहिली. तिचं इंग्रजी मोडकं, माझं ऑफिसपुरतं. त्यातच तिने हळूहळू सगळं सांगितलं; दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

ती अठ्ठेचाळीस किलोच्या गटात खेळायची. बायकांमधला सगळ्यात हलका गट. एरवी वजन त्रेपन्नच्या आसपास, म्हणून स्पर्धेआधी उपाशी राहून उतरवायचं. शेवटी शेवटी पाणीसुद्धा बंद. राष्ट्रीय संघाच्या वसतिगृहात ती आठ वर्षं राहिली आणि आठही वर्षं देशात दुसरी होती. पहिली होती तिचीच रूममेट. ऑलिंपिकला एका गटातून देशाची एकच खेळाडू जाते. रूममेट गेली. हीसुद्धा गेली, पण सरावाची जोडीदार म्हणून. रूममेटची लढत जपानी मुलीशी असेल तर हिने त्या मुलीसारखं खेळायचं, फ्रेंच मुलीशी असेल तर तिच्यासारखं, आणि दिवसभर पडायचं. कोपर तेव्हाचाच. हात पिळला गेला की मोकळा हात गादीवर आपटून थांब म्हणायचं असतं. रूममेटला तो डाव पुरा करून बघायचा होता, म्हणून हिने हात आपटला नाही.

रूममेटला पदक मिळालं.

पुढे एका वर्षी रूममेटचा गुडघा गेला आणि अबुधाबीच्या मोठ्या स्पर्धेत हिचं नाव लागलं. समोरचीने हल्ला केला की तिच्यावरच तो उलटवायचा, असं करत ही फायनलला पोचली. तिथली मुलगी सावध होती. छोटे छोटे डाव टाकत राहिली, अंगावर आलीच नाही. ही हल्ला करत नाही म्हणून पंचांनी एकदा शिक्षा दिली, पुन्हा दिली, तिसऱ्या शिक्षेला हिला बाद करून लढत संपवली. कुणी तिला पाडलंच नाही.

"ती काय करणार ते सगळं मला दिसत होतं," ती म्हणाली. "मी काय करायचं, तेच सुचेना."

रडलीस का, असं मी विचारलं. नाही, हॉटेलवर जाऊन भात खाल्ला आणि झोपले, म्हणाली. वर्षभरात तिने खेळ सोडला.

मीही तिला माझं एक सांगितलं. आई गेली तेव्हा सगळं मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आले. त्यावर तिने विचारलं, त्या दिवशी जेवली होतीस का. मला आठवेना.

गेल्या थंडीत ती क्लबच्या मुलांना अबुधाबीला स्पर्धा दाखवायला घेऊन गेली. पालक म्हणून मीही बसमध्ये होते. तिची रूममेट आता कोरियन संघाची कोच. प्रेक्षकांच्या जिन्यापाशी ती आपणहून हिच्याकडे आली, कमरेत वाकली आणि हिचा उजवा हात हातात घेऊन अंगठ्याने कोपर चाचपत राहिली. दोघी पाचेक मिनिटं बोलल्या. मला शब्द कळत नव्हते. मधेच रूममेट रडायला लागली. हिने पर्समधून टिश्यू काढून दिला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं.

"माझ्यावर राग आहे का, म्हणाली. मी खूप शोधलं. राग नव्हता. काहीच नव्हतं. तसं सांगितलं तर ती रडली."

"आणि तुला काय वाटलं?"

"खलास," संपलं म्हणायला इथे सगळेच वापरतात तो अरबी शब्द, एवढंच म्हणून तिने मान मागे टेकली.

शेजारी माझी मुलगी कानात हेडफोन घालून बसली होती. मी तिला विचारलं, कशी वाटली स्पर्धा? "इट वॉज ओके, मम्मा," ती म्हणाली. बाहेर ऊन होतं. शनिवार असल्याने रस्ता मोकळा होता आणि आम्ही वेळेआधीच पोचलो.